रिव्हर्स गेला, दुसरा गेला, ओव्हरड्राइव्हही गेला: जुन्या सिल्व्हराडोचा गिअरबॉक्स बदलू का सोलेनॉइड?

रांगडा_लान्सिंग

राम राम मंडळी. माझ्याकडं २००१ ची शेवरोले सिल्व्हराडो १५०० आहे. ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, फोर बाय फोर, ३.७३ गुणोत्तराचा अ‍ॅक्सल. मीटरवर १ लाख ९८ हजार मैल. मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात, त्यामुळं खालून गंज भरपूर, पण इंजिन अजून बंदा रुपया. गिअरबॉक्स चार स्पीडचा ४एल६०-ई, गाडीबरोबर आलेला तोच. माझ्या माहितीत तो कधी उघडलेला नाही.

परवा मंडळाच्या गणपतीचं मखर आणि लाकडी स्टेज भाड्याच्या ट्रेलरमधून हॉलवर पोचवलं. ट्रेलर सोडला आणि गाडी मागं घ्यायला आर मध्ये टाकली तर इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलंना. चौघांनी ढकलून बाहेर काढली. घरी येताना डी मध्ये निघाली एकदम झकास, पण पहिल्या गिअरातच अडकून बसली. ताशी पंचवीस मैलांच्या पुढं जाईस्तोवर इंजिन ३००० च्या वर बोंबलत होतं, मग एकदम आवाज खाली आला आणि गाडी नीट पळायला लागली. हायवेवर ६५ ला पूर्वी काटा १९०० च्या आसपास असायचा, आता २७०० दाखवतोय. म्हणजे ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) पण नाही.

अजून एक. गेलं वर्षभर गाडी गरम झाली की पहिल्यावरनं दुसरा पडताना मागून कुणी लाथ घातल्यासारखा दणका बसायचा. तेव्हा स्कॅनर लावला तर पी१८७० कोड (गिअरबॉक्समध्ये काहीतरी घसरतंय असा) आला होता. गाडी चालत होती म्हणून चालवत राहिलो. तेल मोजायच्या दांडीवरचं तेल तपकिरी झालंय, पण जळका वास नाही.

एका गॅरेजवाल्यानं सरळ ४३०० डॉलर सांगितले, गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) दोन्ही नवीन. दुसरा म्हणतो आधी सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारे-मिटणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) बदलू, मशीन लावून तेल फ्लश करू, ७०० डॉलर. मेव्हणा म्हणतोय भंगारात घाल. मला गाडी ठेवायचीय. कुणाचं ऐकू?

चाकण_चौक

भाऊ, आपल्याकडं पिकअप म्हणजे बोलेरो नाहीतर टाटा २०७. क्लच प्लेट बदलली की गाडी पुन्हा भाजी मार्केटला. त्यामुळे ऑटोमॅटिकमधलं मला फार कळत नाही. पण ७०० वाला पर्याय आधी करून बघायला काय हरकत आहे? नाहीच झालं तर गिअरबॉक्स आहेच की. एक ऐकलंय ते खरं का तेवढं सांगा: जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की तो बसतो?

ओव्हरड्राइव्ह

७०० डॉलर खिशातच ठेवा. कारण सांगतो. माझी बरीच वर्षं डेट्रॉइटच्या आसपास ट्रान्समिशनच्या टेस्ट बेंचवर गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

कुठला गिअर गेला यापेक्षा कुठला राहिला हे आधी बघायचं. तुमच्याकडे पहिला आणि तिसरा शाबूत आहेत. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स गेलेत. ६५ ला २७०० म्हणजे तुमच्या अ‍ॅक्सलवर तो थेट तिसरा, एकास एक. आता सोलेनॉइडची बाजू तपासू. या खोक्यात, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, गिअर बदलायला दोन शिफ्ट सोलेनॉइड असतात, ए आणि बी. पहिल्यात दोन्ही चालू, दुसऱ्यात ए बंद, तिसऱ्यात दोन्ही बंद, चौथ्यात फक्त ए चालू. समजा ए चालू अवस्थेतच अडकला. मग दुसऱ्याच्या जागी पहिलाच राहील आणि तिसऱ्याच्या जागी चौथा पडेल. तुमच्या गाडीत तसं होत नाही. समजा फ्यूज उडाला किंवा वायर तुटली आणि दोन्ही मेले. मग गाडी सुटतानाच तिसऱ्यात सुटेल, जड आणि मरगळलेली. तेही होत नाही, तुमची झकास निघते. आणि मुख्य म्हणजे रिव्हर्सला हे सोलेनॉइड लागतच नाहीत. तुम्ही गिअरचा दांडा आर वर नेला की त्याला जोडलेला मॅन्युअल व्हॉल्व्ह सरकतो आणि तेलाचा दाब सरळ रिव्हर्सच्या क्लचकडे जातो. त्यामुळे रिव्हर्स नसण्याचं खापर शिफ्ट सोलेनॉइडवर फोडता येत नाही.

मग दुसरा, चौथा आणि रिव्हर्स या तिघांत समान काय? आत एक मोठा ड्रम आहे. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला त्याच्याभोवतीचा पट्टा आवळला जातो आणि ड्रम थांबतो. रिव्हर्सला तोच ड्रम क्लचने फिरवला जातो. थांबवा किंवा फिरवा, ड्रमचं काम मागच्या सन गिअरपर्यंत (गिअरांच्या संचातलं मधलं चाक) पोचतं ते एका पत्र्याच्या टोपलीसारख्या भागातून. त्याला सन शेल म्हणतात. ४एल६०-ई आणि त्याच्या आधीचा ७००आर४, दोन्हींत हा शेल मानेजवळ तडकतो किंवा त्याचे आतले दाते घासून जातात. दुरुस्तीवाल्यांना हे पाठ असतं. शेल तुटला की पट्टा बिचारा ड्रम घट्ट धरून बसतो, पण सन गिअर मोकळाच. म्हणून दुसऱ्याचा हुकूम आला तरी गाडी पहिल्यातच राहते, चौथ्याचा आला तरी तिसऱ्यातच. क्वचित शेल ठीक असतो आणि ड्रमच्या ज्या खाचांत तो अडकतो त्या गेलेल्या असतात. लक्षण तेच, खर्चही साधारण तोच.

नुसता पट्टा जळला असता तर दुसरा आणि चौथा गेला असता, रिव्हर्स राहिला असता. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा ३-४ क्लच जळला असता (या खोक्याचं सगळ्यात नेहमीचं दुखणं) तर पहिला, दुसरा, रिव्हर्स नीट आणि तिसऱ्याला इंजिन न्यूट्रलसारखं मोकळं फिरलं असतं.

एक चाचणी करा, फुकटची. रिकाम्या रस्त्यावर दांडा १ वर ठेवून ताशी पंधरा मैलांपर्यंत जा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. गाडी इंजिनावर अडली, म्हणजे इंजिन ब्रेकिंग मिळालं, तर लो-रिव्हर्स क्लच जिवंत आहे. तो रिव्हर्सलाही लागतो, म्हणून त्याला आधी निर्दोष सोडायचं. गाडी तशीच घरंगळत राहिली तर मी माझं निदान मागे घेतो. दुसरं, पॅन उघडा. लोहचुंबकावर करडं लोण्यासारखं मळण असतंच, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे आहेत का ते बघा.

चाकणकर, तेल बदलल्याने चांगला गिअरबॉक्स बसत नाही. बहुतेक वेळा होतं असं की क्लच आधीच संपलेले असतात, गाडी घसरायला लागते तेव्हा मालकाला तेलाची आठवण येते, आणि मग बिल तेलाच्या नावावर फाटतं. पॅन उघडून फिल्टर आणि पाचेक क्वार्ट (जवळपास तेवढेच लिटर) तेल बदलणं केव्हाही चांगलं. पण तुटलेलं पोलाद तेलाने सांधत नाही.

रांगडा_लान्सिंग

काका, दोन्ही केलं. १ वर टाकून पाय काढला तर गाडी अशी अडली की सीटवरची पाण्याची बाटली खाली. पॅनमध्ये चुंबकावर मळण होतंच, शिवाय नखाएवढे दोन-तीन चकचकीत तुकडे, कडा धारदार. चुंबकाला चिकटतात. काळा भुगा फारसा नाही.

आता सांगा, फक्त तो शेल बदलून भागेल का? ऑनलाइन बघितलं तर शेल शंभर डॉलरच्या आतच मिळतोय. आणि त्या पी१८७० चं काय?

ओव्हरड्राइव्ह

मग शेलच. भुगा कमी आहे म्हणजे क्लच अजून जळलेले नाहीत, तरी १ लाख ९८ हजार मैलांचे क्लच आहेत हे विसरू नका. शेल स्वस्त आहे, पण तो बसलाय बराच मागे. तिथे पोचेपर्यंत पंपापासून सगळं टेबलावर आलेलं असतं. एवढं उघडून जुने ३-४ क्लच पुन्हा आत घालणं मला पटणार नाही. ओळखीचा, नुसतं गिअरबॉक्सचंच काम करणारा माणूस असेल तर पूर्ण रिबिल्ड करून घ्या आणि कडक केलेला शेल घालायला सांगा. तसा माणूस नसेल तर रीमॅन, म्हणजे कारखान्यात खोलून पुन्हा बांधलेला खोका.

पी१८७० हा वेगळा आजार आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झालं तर नवीन खोक्यातही तोच दणका सुरू होईल. टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच (इंजिन थेट गिअरबॉक्सला जखडणारा) किती दाबायचा हे व्हॉल्व्ह बॉडीतला, म्हणजे तेलाच्या वाटांच्या ठोकळ्यातला, एक छोटा व्हॉल्व्ह ठरवतो. तो अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात सतत पुढे-मागे होतो आणि भोक झिजवतो. मग दाब गळतो आणि लॉकअप घसरतो. तुमच्या सालच्या गाडीत गिअरबॉक्सच्या इनपुटवर वेगळा स्पीड सेन्सर नाही. कॉम्प्युटर इंजिनाचे फेरे आणि मागच्या शाफ्टचा वेग ताडून बघतो आणि घसरण पकडतो. घसरतंय म्हटल्यावर तो क्लच वाचवायला तेलाचा दाब कमाल करतो. तुम्हाला बसणारा दणका हा तो दाब. तेल गरम होऊन पातळ झालं की गळती वाढते, म्हणून दणका गाडी तापल्यावरच. वर्षभराच्या त्या दणक्यांनी शेलचं आयुष्य वाढलं नसणार.

तेव्हा जिथून घ्याल तिथे एकच प्रश्न विचारा: व्हॉल्व्ह बॉडीतलं टीसीसी रेग्युलेटरचं, म्हणजे त्या छोट्या व्हॉल्व्हचं, भोक रीम करून (कापून रुंद करून) मोठा व्हॉल्व्ह किंवा स्लीव्ह घातलाय का? समोरचा गोंधळला तर दुसरीकडे जा.

भंगार यार्डातला घेणार असाल तर १९९९ ते २००२ मधला, ४.८ किंवा ५.३ इंजिनावरचाच आणि फोर बाय फोरचाच. टू व्हील ड्राइव्हच्या खोक्याचा मागचा शाफ्ट आणि शेपूट वेगळं असतं, तुमची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) त्यावर बसणार नाही. ९७ पर्यंतच्या ट्रकमधला तर नकोच, पुढे कन्व्हर्टरपाशीच मेळ बसत नाही. पण खरं सांगू का, यार्डातला खोका म्हणजे दुसऱ्याचा न फुटलेला शेल विकत घेणं.

ह्यूस्टनचा_हणमंत

ओव्हरड्राइव्ह काकांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. मी माझ्या २००३ च्या टाहोचा हाच खोका घराच्या ड्राइव्हवेत काढला आणि घातला. आमच्याकडं गंज नाही हे आधीच कबूल. तुमच्या मिशिगनमध्ये आदल्या रात्रीपासून प्रत्येक बोल्टवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा.

साधा फ्लोअर जॅक वापरू नका. खोका तेलाशिवाय, कन्व्हर्टरशिवाय साधारण ६८ किलो भरतो आणि त्याचा तोल विचित्र आहे. ट्रान्समिशन जॅक भाड्यानं मिळतो, साखळीनं बांधायची सोय असलेला घ्या. गाडी चारही बाजूंनी जाड स्टँडवर, इतकी वर की खोका जॅकसकट खालून सरकला पाहिजे. बॅटरी काढायची, हे सगळ्यात आधी.

फोर बाय फोर आहे म्हणून पुढच्या चाकांचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) मागं क्रॉसमेंबरला, म्हणजे चॅसीच्या आडव्या पट्टीला, टेकलेले असतात आणि तो नेमका वाटेत येतो. त्या बारांमध्ये भयंकर ताण असतो. त्याचा वेगळा पुलर असतो, तोच लावून ताण सोडवा. सी-क्लॅम्प लावून जुगाड करणारे व्हिडिओ बघाल, बघून सोडून द्या. सोडवण्याआधी अ‍ॅडजस्टरचा बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर नंतर गाडी एका बाजूला झुकलेली दिसेल.

ट्रान्सफर केस आधी वेगळी काढा. बटणावर ऑटो फोर व्हील असेल तर ती २४६ मॉडेलची आहे. तिच्यात ऑटो-ट्रॅक टू नावाचं निळं तेल जातं, साधं लाल घालू नका, आतला क्लच त्यासाठीच बनवलाय. आणि काढलीच आहे तर तिचं मागचं कव्हर उजेडात धरून बघा. आतला पंप कव्हरला घासून सुईएवढं भोक पाडतो, तेल हळूहळू गायब होतं आणि कळत पण नाही.

बेलहाउसिंगचे (खोक्याचं इंजिनाला जुळणारं घंटेसारखं तोंड) वरचे बोल्ट वरून दिसत पण नाहीत. खोक्याची शेपूट थोडी खाली सोडायची आणि मागून हातभर लांब एक्स्टेंशन घालून काढायचे. दांडीची नळी पण तिथल्याच एका बोल्टला असते, ती विसरली की खोका का निघत नाही म्हणून माणूस तासभर शिव्या घालत बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन कन्व्हर्टरमध्ये क्वार्टभर तेल ओता आणि तो खोक्यात बसवताना फिरवत फिरवत दाबा. शाफ्टचे दाते, स्टेटरचे दाते, मग पंपाच्या खाचा, असा टप्प्याटप्प्यानं तो आत उतरतो. बेलहाउसिंग इंजिनाला हातानं टेकली पाहिजे आणि टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनामागची चकती) तीन ते पाच मिलिमीटर मागं. बोल्ट आवळून खोका पुढं ओढायची वेळ आली तर थांबा. तसाच ओढला तर पंप फुटतो आणि नवा खोका पहिल्या स्टार्टला मरतो. वॉरंटीवाले पंप उघडला की लगेच ओळखतात.

गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर पण धुवा. शेलचे तुकडे रेडिएटरमधल्या कूलरात जाऊन बसलेले असतील. दोन्ही दिशांनी फ्लशचं द्रव्य आणि हवा मारायची, स्वच्छ निघेपर्यंत. बऱ्याच रीमॅनवाल्यांना वॉरंटीसाठी त्याची पावती पण लागते.

रांगडा_लान्सिंग

उशिरा लिहितोय, माफी. रीमॅन घेतला. २१५० डॉलर, कन्व्हर्टरसकट, तीन वर्षं वॉरंटी, वर ५०० डॉलर जुन्या खोक्याचं डिपॉझिट. काकांचा प्रश्न फोनवर विचारला. पहिला दुकानदार म्हणाला, सगळं नवीन असतं साहेब. दुसऱ्यानं भोक कुठल्या मापानं रीम करतात ते न विचारता सांगितलं. त्याच्याकडूनच घेतला.

मेव्हणा आणि शेजारचा पोलिश म्हातारा, असे तिघं मिळून बसवला. कन्व्हर्टर उतरतानाचे आवाज म्हाताऱ्यानं कान लावून मोजले, त्याशिवाय मला बोल्टला हात लावू दिला नाही. टॉर्शन बारचा पुलर भाड्यानं आणला. कूलरच्या दोन्ही लोखंडी लाईन गंजून फिटिंगपाशीच तुटल्या, त्या नवीन टाकल्या, त्यात अर्धा दिवस गेला. ट्रान्सफर केसचं कव्हर उजेडात धरलं, भोक नाही, पण घासल्याची चकचकीत रेघ आहे. पुढच्या वर्षी बघू.

रिव्हर्स पडतोय. दुसरा असा पडतो की कळत पण नाही. ६५ ला काटा पुन्हा १९०० जवळ.

काका, तुम्हाला शेलचा फोटो पाठवायचा होता, पण जुना खोका उघडलेला असला तर डिपॉझिट परत मिळत नाही. ५०० डॉलर होते, तसाच दिला.

आता दोन शंका. दांडीवर तेल गार असताना वर दाखवतं, गरम झाल्यावर अजून वर. किती धरू? आणि तिसरा पडताना कधी मऊ, कधी थोडा ओढून पडतो, हे बरोबर का?

ओव्हरड्राइव्ह

फोटो राहिला याची हळहळ आहे, पण ५०० डॉलर मीही सोडले नसते.

तेल गार असताना मोजूच नका. वीसेक मिनिटं चालवा, सपाट जागी उभी करा, इंजिन चालू, दांडा पी वर. ब्रेक दाबून एकदा सगळ्या गिअरांतून फिरवून परत पी वर आणा आणि मग बघा. रेषांच्या भागात असेल तर बस. वर असेल तर काढा. जास्त तेल फिरत्या भागांनी घुसळलं जातं, फेस होतो, आणि फेसाने दाब मिळत नाही. हाताने काढायचं तर दांडीच्या नळीतून बारीक पाइप घालून पंपाने ओढा, पॅन सोडायची गरज नाही. आत डेक्सरॉन सिक्स तेल घातलं असेल अशी आशा आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात डेक्सरॉन थ्री लिहिलंय, पण सिक्स त्याच्या जागी चालतं.

तिसऱ्याचं असं आहे की कॉम्प्युटरने जुन्या झिजलेल्या खोक्याचे दाब पाठ करून ठेवलेत. चांगला स्कॅनर असलेल्याकडून ते शिकलेले आकडे पुसून घ्या. नंतर हलक्या आणि मध्यम अ‍ॅक्सिलरेटरवर शहरात चालवत राहा, तो नव्याने शिकेल. पुसल्यावरही तिसरा ओढत असेल तर वॉरंटीवाल्याला लगेच कळवा. ३-४ क्लच घसरत घसरत चालवायचा नाही.

आणि विसर्जनाला पुन्हा ट्रेलर लावणार असाल तर दांडा डी ऐवजी ३ वर. चौथ्या गिअरात पट्टा आणि ३-४ क्लच दोघांवर भार येतो आणि चढावर लॉकअप सारखा लागतो-सुटतो, तेल त्यानेच तापतं.

ह्यूस्टनचा_हणमंत

कूलर लाईन नवीन टाकल्यात ना? मग रेडिएटरच्या फिटिंगवरच्या क्लिपा पूर्ण बसल्यात का ते एकदा ओढून बघा. माझी एक अर्धवट बसली होती, हायवेवर सुटली आणि सगळं तेल एक्झॉस्टवर. धूर बघून मागचे लोक हॉर्न मारत होते.

रांगडा_लान्सिंग

आत्ताच खाली जाऊन ओढून बघितल्या. दोन्ही घट्ट. तेल पाऊण क्वार्ट जास्त होतं, काढलं. स्कॅनरवाला मंगळवारी येतोय.